चमच्याचं नाव

मार्च महिन्याशी माझं वाकडं आहे. सकाळी गॅलरीत उभी राहिले की आमच्या चिपळूणच्या आळीतली मुलं परीक्षेचं पॅड काखेत मारून, ओठांतल्या ओठांत काहीबाही घोकत जाताना दिसतात, आणि माझ्याही ओठांवर एक जुनं पाठांतर आपसूक येतं. ही डबी कोणत्या घडणीची? हिच्यावरचं काम कुणाचं? हा चमचा कुणाच्या हातचा? आणि या चमच्याचं नाव काय? चार प्रश्न. चाळीस वर्षं होऊन गेली, पण अजून झोपेतून उठवून विचारा, क्रम चुकणार नाही. बाकी माझी स्मरणशक्ती काय वर्णावी! गॅसवर ठेवलेलं दूध मी रोज विसरते. हे एवढं मात्र विसरता येत नाही.

ही परीक्षा मी बहारिनमध्ये दिली. सौदीला जोडणारा पूल तेव्हा समुद्रात अर्धामुर्धाच उभा होता. आम्ही माहूजला एका चार मजली इमारतीत राहत होतो. आमच्या यजमानांचं नाव वसंतराव. तोंडानं मी ते कधी घेत नाही, पण कागदावर घ्यायला कुणाची हरकत नसावी. ते सित्राला एका जपानी कंपनीत ड्राफ्ट्समन होते. सकाळी साडेपाचला कंपनीची बस खाली हॉर्न द्यायची, ड्रायव्हर "यल्ला, यल्ला" ओरडायचा, आणि हे एका हातात डबा नि दुसऱ्या हातात बूट घेऊन जिना उतरायचे. मुलगी मनीषा, आमची मनू, तिसरीत होती. मराठी तिला सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत यायचं.

तिकडचा हिवाळा म्हणजे चार महिन्यांची सुटका. नोव्हेंबरात लोक खिडकीतल्या एसीला बाहेरून पुठ्ठा बांधून टाकत आणि घर एकदम बोलू लागे. नळ ठिबकतोय, शेजारच्या ल्युसीचा रेडिओ लागलाय, लांबून अजान येतेय, असं सगळं ऐकू यायचं. मार्चअखेर पुठ्ठे निघाले की पुन्हा सगळ्या खोल्या घुर्र करायला लागत, ते थेट ऑक्टोबरपर्यंत. त्या दिवसांत माणसं एकमेकांशी ओरडूनच बोलत. नवरा-बायकोही.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात मी फार सुखात होते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्या सुखावरच येऊन पडलं.

सुखाचं कारण म्हणजे एक पत्र. लग्नाआधी मी डी.एड. केलं होतं, ते सर्टिफिकेट ट्रंकेच्या तळाशी साड्यांखाली पिवळं पडत होतं. ल्युसीनं एक दिवस मला दंडाला धरून एका इंडियन शाळेत नेलं. ल्युसी वसईची, एका हॉस्पिटलात नर्स, आणि दुसऱ्याचं भलं करायचं ठरवलं की त्याचं काही ऐकून न घेणारी. फेब्रुवारीत शाळेचं पत्र आलं. एप्रिलच्या नव्या वर्गापासून नर्सरीची टीचर म्हणून या, फक्त नवऱ्याच्या कंपनीची ना-हरकत आणा. मी ते पत्र देवासमोर ठेवलं, मग वसंतरावांसमोर ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "छान झालं. एनओसीचं बघतो मी."

मी तीन कॉटनच्या साड्यांना फॉल लावले. पायात आवाज न करणाऱ्या चपला घेतल्या. आणि वसंतरावांनी काय केलं माहीत आहे? ऑफिसातून मोठे कागद आणून भिंतीवर लावायचे तक्ते करून दिले. ड्राफ्ट्समनचं अक्षर ते! एकेक अक्षर निळ्या शाईनं, पट्टीनं आखून, शेजारी चित्र. बदक, छत्री, जहाज. शुक्रवारी सकाळी जमिनीवर पालथे पडून ते रंगवायचे, आणि मी चहा घेऊन उभी राहायची. दर गुरुवारी मी विचारायची, "अहो, कागदाचं काय झालं?" आणि ते मान वर न करता सांगायचे, "सहीला गेलाय."

आता मिचिकोबाईंचं सांगते. या वसंतरावांच्या साहेबांच्या, तानाबेसाहेबांच्या पत्नी. आमच्या समोरच्याच रस्त्यावर त्यांचा बंगला होता. कंपनीच्या नव्या वर्षाच्या जेवणाला प्रत्येकीनं घरून एक पदार्थ आणायचा होता. मी पुरणपोळी नेली. मिचिकोबाईंनी पोळीचा पापुद्रा बोटानं उघडला, आतलं पुरण तेवढं जिभेवर ठेवलं आणि डोळे मिटून घेतले. मला वाटलं, वेलची दाताखाली आली. उघडले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, आमच्याकडे कडधान्याचा असाच गोड गोळा करतात, चहाच्या आधी खायला देतात, आणि तीन वर्षांत तो मला इथे मिळालेला नाही.

अशी आमची फिट्टंफाट ठरली. मी त्यांना पुरण शिकवायचं, त्यांनी मला चहा.

चहा शिकायचा म्हणजे काय, हे मला आधी कळेना. आम्ही काय चहा करत नाही? त्यांनी मला एका खोलीत नेलं. खाली तीन गवती चटया, त्या जहाजानं आणलेल्या. कोपऱ्यात लोखंडी किटली. एका काळ्या डबीचं झाकण उघडलं तर आत हिरवीगार पूड. मी म्हटलं, या बहुतेक मेंदी भिजवणार. वाडग्यात घालून, गरम पाणी ओतून त्यांनी ती बांबूच्या कुंच्यानं घुसळली आणि वाडगा माझ्यासमोर ठेवला. मी आमच्या सवयीनं वाडगा उचलला, मान मागे टाकली आणि ओठ न लावता वरून धार सोडली. आयुष्यभर तांब्यातनं असंच पाणी प्यायले होते. तो चहा दाट, फेसाळ. अर्धा नाकात, उरलेला पदरावर. मिचिकोबाई हसल्या नाहीत. त्यांनी रुमाल दिला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

त्यांच्या घट्ट चहाची तर आणखी गंमत. एकच वाडगा. पहिल्या पाहुण्यानं तीन घोट घ्यायचे, कड पुसायची आणि तोच वाडगा शेजारच्याला द्यायचा. मी घरी येऊन ल्युसीला म्हटलं, "अगो, सगळ्यांनी एकमेकांचं उष्टं प्यायचं! आमच्या सासूबाईंनी बघितलं तर मला घरात घेणार नाहीत."

ल्युसी म्हणाली, "आमचे फादर चर्चमध्ये मिसाला असाच कप पुसतात. अशी घडी घालून, असं फिरवून. तुझी सासू राहू दे बाजूला, मला ने तिकडे."

मग आम्ही दोघी आठवड्यातून दोनदा जायला लागलो. काय पाहिलं मी तिथे? खरं तर काहीच नाही. एक बाई रुमालाची घडी घालते. डबी पुसते, चमचा पुसते, जो आधीच लख्ख आहे. पळीनं पाणी काढते. पण ती पळी ठेवायची तेव्हा जगात दुसरं काही करायचं शिल्लक नसल्यासारखी ठेवायची. मी घरात सतरा कामं एका हातानं करणारी. मला आधी राग आला, मग झोप आली, आणि तिसऱ्या खेपेला कधीतरी किटलीचा आवाज ऐकू आला. आमच्याकडे किनाऱ्यावर सुरूच्या बनात वारा शिरला की येतो, तसा. मिचिकोबाई म्हणाल्या, हा आवाज ऐकायचा असेल तर एसी बंद हवा, म्हणून माझा चहा फक्त मार्चपर्यंत.

वाडगा पुढे ठेवताना यजमानीण त्याची चांगली बाजू पाहुण्याकडे करते. पाहुण्यानं तो हातात घेऊन थोडा फिरवायचा आणि त्या चांगल्या बाजूला तोंड न लावता प्यायचा. मला हे फार आवडलं. तेव्हापासून मी कुणालाही कप देताना त्याची चांगली बाजू पुढे करते. घरात अजून सगळे हसतात.

मार्चच्या सुरुवातीला मिचिकोबाईंनी मला सांगितलं की या मोसमातला शेवटचा चहा अगदी रीतीप्रमाणे होईल आणि पहिली पाहुणी मी असेन. शेजारी ल्युसी, मग वसंतराव, आणि शेवटी तानाबेसाहेब. पहिल्या पाहुण्याचं काम म्हणजे विचारणं. बाकीचे गप्प बसतात. चहा झाला की त्यानं डबी आणि चमचा बघायला मागायचा. यजमानीण त्या वस्तू पुढे ठेवून बाहेर जाते, पाहुणे एकेक करून त्या हातात घेऊन बघतात, आणि ती परत आली की पहिला पाहुणा ते चार प्रश्न विचारतो. चमच्याला दर वेळी नाव असतं. त्या दिवशी यजमानिणीच्या मनात काय आहे, ते त्या नावात असतं. तोवर ती काही बोलत नाही, आणि न विचारता ते नाव ती सांगत नाही.

आमच्या घरात मग दोन परीक्षांचा अभ्यास सुरू झाला. मनू तिची वार्षिक परीक्षा द्यायची आणि माझी तोंडी घ्यायची. मी पोळ्या लाटत प्रश्न म्हणायची, आणि ती पलंगावरून ओरडायची, "मम्मी, यू फर्गॉट द स्पून!" वसंतराव तक्त्यावर रंग भरत असायचे. एकदा ते म्हणाले, "एवढं कशाला घोकतेस? एक चहाच तर प्यायचाय."

चहाला गोड मीच करणार होते. मिचिकोबाईंनी कागदावर आकार काढून दिला. लहानसा गोळा, दोन्हीकडून चिमटीनं किंचित ओढलेला.

"मासा?" मी विचारलं.

"पक्षी," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, "हे तुम्हालाच करायला सांगणं बरं नाही खरं तर. तुम्हाला चालेल ना?"

पाहुणीला राबवायचं म्हणून त्या संकोचल्या असं मला वाटलं. मी म्हटलं, "त्यात काय एवढं!" आणि पाच पुरणाचे पक्षी केले. इतके सुबक झाले की मीच त्यांना दोनदा बघून आले.

तो दिवस शुक्रवार. सकाळचे दहा वाजले असतील. आम्ही गुडघ्यांवर सरकत आत गेलो. किटली सुरूच्या बनासारखी वाजत होती. सगळं छान झालं. ल्युसीनं कड पुसताना हळूच माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. शेवटचा घोट आवाज करून घ्यायचा असतो. आमच्या वसंतरावांना बशीतनं भुरके मारायची सवय, त्यांनी असा भुरका मारला की तानाबेसाहेबांनी मान डोलावली. त्या क्षणी मला आमच्या यांचं कौतुक वाटलं. हे मुद्दाम लिहून ठेवते.

मग मी डबी आणि चमचा मागितला. मिचिकोबाई वस्तू ठेवून बाहेर गेल्या. चमचा हातोहात फिरला. बोटाएवढा रुंदही नव्हता, बांबूचा, टोकाशी वाकवलेला. त्या परत आल्या आणि मी सुरुवात केली. डबी कोणत्या घडणीची, काम कुणाचं, चमचा कुणाच्या हातचा. माझ्या वडिलांच्या हातचा, त्या म्हणाल्या.

"आणि या चमच्याचं नाव काय?"

त्यांनी आधी जपानीत सांगितलं, मग माझ्यासाठी इंग्रजीत. थंडी संपली की आपल्या घरी परतणारे पक्षी. मला लगेच तुबलीच्या खाडीतले गुलाबी पक्षी आठवले, हिवाळ्यात आम्ही मनूला दाखवायला न्यायचो ते. मी हसून मान हलवली. त्या पुढे म्हणाल्या, "तुमच्या यजमानांनी साहेबांना सांगितलं. तुम्हाला घराची फार ओढ लागलीय. सासूबाईंजवळ राहायचंय, म्हणून तुम्ही मुलीला घेऊन एप्रिलमध्ये कायमच्या चाललात. मला वाईट वाटलं. पण घराची ओढ लागलेल्या माणसाला अडवू नये. म्हणून हे नाव."

खोलीत किटली वाजत होती. मी वसंतरावांकडे पाहिलं. ते चटईची कड बघत होते. ल्युसी माझ्याकडे बघत होती, मग तिनं त्यांच्याकडे बघितलं, आणि तिचा चेहरा मी आजवर विसरले नाही.

पहिल्या पाहुण्याला आणखी एक काम असतं. उत्तर ऐकल्यावर कौतुक करायचं असतं. समोर मिचिकोबाई वाकून बसल्या होत्या. बिचारीनं माझ्यासाठी, माझ्या म्हणून सांगितलेल्या इच्छेसाठी, वडिलांच्या हातचा चमचा काढला होता. माझ्या पोटात त्यांनीच बेतलेला, मीच केलेला पुरणाचा पक्षी होता. मी माझ्याच निरोपाचं गोडधोड रांधून नेलं होतं.

"फार सुंदर नाव आहे," मी म्हणाले. घोकलेलं होतं ना.

रस्त्यावर आल्यावर मी विचारलं, "हे काय होतं?"

"घरी बोलू."

घरी मनू दुसऱ्या दिवशीच्या हिंदीच्या पेपरचे विरुद्धार्थी शब्द पाठ करत बसली होती. "तिचा पेपर होऊ दे," वसंतराव म्हणाले. नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. सित्राचं काम खलास झालं होतं. नवं काम हिद्दच्या बाजूला, राहणं कॅम्पात, आणि तिथे फॅमिली स्टेटस नाही, बॅचलर स्टेटस, म्हणजे बायको-मुलं सोबत ठेवायची नाहीत. ज्याला मान्य त्यानं सही करायची, नाही त्यानं घरी जायचं. वसंतरावांनी सही जानेवारीत केली होती. म्हणजे माझं पत्र आलं त्याच्याही आधी. म्हणजे बदक, छत्री आणि जहाज त्यांनी रंगवलं ते सही करून झाल्यावर.

मी रडले, भांडले, भांडी आपटली. दोन दिवस जेवले नाही. नोकरी अशी होती, कंपनी तशी होती, ते सगळं मला समजत होतं. माहूजमधल्या निम्म्या घरांवर ही पाळी कधी ना कधी आलीच होती. बायका रडत, सामान कार्गोनं पाठवत आणि जात. तसं मला सांगितलं असतं तर मीही रडून गेले असते, किंवा गेले नसते. पण माझी इच्छा दुसऱ्याच माणसानं माझ्या नावावर लिहून टाकली होती, आणि ती इतकी नीट लिहिली होती की मिचिकोबाईंसारखी शहाणी बाई फसली. परक्यानं फसवलं असतं तर मी शिव्या दिल्या असत्या. घरच्या माणसानं फसवलं की तोंडाला कुलूप लागतं. एक प्रश्न मी त्यांना तेव्हा विचारलाच नाही. कंपनीचं नाव सांगून मोकळं व्हायचं, तिथे माझं नाव का सांगितलंत? भांडण हजार गोष्टींवरून केलं, हे सोडून.

शाळेचं पत्र परत द्यायला मी एकटीच गेले. हेडमिस्ट्रेसबाईंनी विचारलं, "काय झालं?" आणि मी म्हणाले, "घरी परत जावंसं वाटतंय." माझ्या तोंडातून वसंतरावांचंच वाक्य बाहेर पडलं. मिचिकोबाईंनाही मी खरं सांगितलं नाही. निघताना त्यांनी तो चमचा मला दिला आणि मी तो दोन्ही हातांनी घेतला.

चिपळूणला उतरले तर सासूबाई दारातच म्हणाल्या, "काय गो, तुलाच करमेना म्हणे तिकडे?" यांचं पत्र माझ्याआधी पोचलं होतं.

पुढे अकरा वर्षं वसंतराव वर्षातून एक महिना येत राहिले. मनू शिकली, घर बांधून झालं, सासूबाईंचं सगळं मी केलं. शिक्षिकेच्या नोकरीचं वय केव्हाच निघून गेलं. ओटीवर शेजारच्या पोरांच्या शिकवण्या घेतल्या, पण ते तक्ते मी कधी भिंतीवर लावले नाहीत. चमचा हळदीच्या बरणीत आहे. बांबू आता पार पिवळा झालाय. मिचिकोबाईंनी बघितलं तर काय म्हणतील कोण जाणे. पण वस्तू वापरात असावी, असं त्याच म्हणायच्या.

परवा दुपारी आळीत मुलांचा गलका झाला. शेवटचा पेपर सुटला असावा. वसंतराव आरामखुर्चीत बसले होते. आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत, थोडं कमी ऐकू येतं. त्यांना चहा तिकडे बहारिनला मनामाच्या बाजारातून आणलेल्या त्यांच्या जुन्या कपातूनच लागतो. त्याचा एका बाजूनं टवका उडालाय, पण टाकू देत नाहीत. मी चहा गाळला, आणि का कोण जाणे, कप हातात धरूनच विचारलं, "अहो, तेव्हा साहेबांना माझं नाव का सांगितलंत?"

केव्हा, कुठल्या साहेबांना, असं काही त्यांनी विचारलं नाही. म्हणजे तेही इतकी वर्षं तो प्रश्न सांभाळून बसले होते.

"फॉर्मवर होतं," ते म्हणाले. "बायकोची संमती आहे का म्हणून. तानाबेंनी दोनदा विचारलं. म्हटलं, तिचीच इच्छा आहे."

"मला का नाही विचारलंत?"

 अगदी सरळ, जसं बाजारातून काय आणलं ते सांगावं तसं ते म्हणाले, "विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"हो," मी म्हटलं. "म्हणाले असते."

त्यांनी हात पुढे केला. चाळीस वर्षांच्या सवयीनं माझी बोटं कप फिरवायला लागली होती. मी ती थांबवली. टवका होता तसा त्यांच्या बाजूला ठेवला आणि कप त्यांच्या हातात दिला.